नागपूर ते अंदमान : बेत परतीच्या टोकापासून आखा

अंदमानचं ठरलं की घरोघरी पहिलं काम सुरू होतं ते हॉटेलांचे फोटो बघायचं. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाला बांधलेला झोपाळा. खरं म्हणजे हॉटेल ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट. आधी परतीचं विमान, मग त्याच्या आदल्या दिवशीची परतीची बोट, मग जायचं विमान, जायची बोट, आणि या चौघांच्या मध्ये ज्या बेटावर जितक्या रात्री उरतील तितक्या रात्रींची खोली. हा क्रम उलटा झाला की हॅवलॉक बेटावर तीन रात्रींचे पैसे भरून झालेले आणि बोट मात्र दुसऱ्याच दिवशीची, असा घोळ होतो.

परतीपासूनच सुरुवात का? कारण बोट आणि विमान यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. वारा वाढला की बोटी थांबवतात, विमान मात्र आपल्या वेळेला उडून जातं. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात, हुकलेल्या विमानाचे नाही. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. विमान दुपारचं आहे आणि सकाळची पहिली बोट सोयीची दिसतेय, तरीही. डिसेंबर २०१६ मध्ये अंदमानजवळ वादळ तयार झालं तेव्हा हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. पुढे तेच वादळ ‘वरदा’ नावाने चेन्नईवर धडकलं. एवढं मोठं प्रकरण दर वर्षी होत नाही, पण एखाद्या दिवसाच्या बोटी रद्द होणं तिथे कोणाला नवल वाटत नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी अजून जुनी नावं आहेत, तिकिटांवर मात्र कधी हे, कधी ते. विमान शोधताना शहराच्या नावाने सापडलं नाही तर ‘आयएक्सझेड’ हा विमानतळाचा कोड टाका, तो बदललेला नाही. बोट शोधताना ‘हॅवलॉक’ दिसलं नाही म्हणून बोट नाही असं समजू नका. ‘स्वराज द्वीप’ बघा.

<b>महिना कोणता</b>

आपल्याकडे सुट्ट्या दोन : दिवाळीची आणि उन्हाळ्याची. अंदमानला दोन्ही तशा अडचणीच्याच.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोचतो, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जून अर्धाअधिक सुट्टीचाच वाटतो आणि इकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी समुद्र आठवणं साहजिक आहे. पण जूनमधला अंदमानचा समुद्र म्हणजे गढूळ पाणी, हलणाऱ्या बोटी आणि बंद पडलेले पाण्यातले खेळ. उन्हाळ्यातच जायचं तर परीक्षा संपल्या संपल्या निघा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात घरी या. एप्रिलमध्ये उकडतं, पण समुद्र शांत असतो.

दिवाळीच्या सुमाराला ईशान्य मोसमी वारे सुरू होतात. रोजच्या रोज पाऊस पडेलच असं नाही. पण वादळांचा हंगामही हाच. गेलात तर एक दिवस जास्तीचा ठेवून जा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हवा छान असते, पण तेव्हा विमानाचं भाडं आणि खोलीचा दर असा असतो की त्यात दोनदा जाणं होईल. माझ्या मते २६ जानेवारीनंतर मार्च संपेपर्यंतचे दोन महिने सगळ्यांत सरस : पाणी नितळ, वारा कमी, गर्दी सहन होण्याइतकी. मुलांची शाळा चार दिवस बुडेल. बुडू द्या.

<b>कोलकाता की चेन्नई</b>

नागपूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावं लागतं. कोलकाता आणि चेन्नई ही दोन जुनी दारं, शिवाय हैदराबाद, बंगळुरूमार्गेही जमतं. चेन्नई किंवा कोलकात्यापासून पुढचं उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपास. पोर्ट ब्लेअरला येणारी बहुतेक विमानं सकाळ-दुपारचीच असतात, म्हणून नागपूरहून त्याच दिवशी निघून पोचायचं गणित क्वचितच जुळतं. आदल्या संध्याकाळी सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, निघा, रात्र बदलीच्या शहरात विमानतळाजवळ काढा, पहाटेचं विमान घ्या. नऊच्या आत पोर्ट ब्लेअरला उतरलात की अख्खा दिवस हातात.

यातलं कोणतं शहर निवडायचं हे भाड्यावर नको, महिन्यावर ठरवा. डिसेंबर-जानेवारीत कोलकात्याला पहाटेचं धुकं पडतं आणि पहाटेचीच विमानं रखडतात. चेन्नईचा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१५ आणि २०२३ या दोन्ही डिसेंबरांत तिथला विमानतळ पुरापायी बंद ठेवावा लागला होता. म्हणजे नोव्हेंबरात कोलकाता, जानेवारीत चेन्नई, फेब्रुवारीनंतर जिथून स्वस्त पडेल तिथून. चेन्नईला देशांतर्गत विमानांची दोन टर्मिनलं आहेत, तिकिटावर कोणतं लिहिलंय ते पाहून ठेवा.

दोन वेगवेगळी तिकिटं काढली (एका कंपनीचं नागपूर-चेन्नई, दुसऱ्या कंपनीचं पुढचं) तर बरेचदा दोन-तीन हजार वाचतात. पण मग बॅग मध्येच उचलून पुन्हा जमा करावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. जाताना मध्ये रात्र आहे म्हणून चालून जातं. येताना मात्र दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या, आणि तेही जमत नसेल तर मध्ये निदान चार तास ठेवा.

रेल्वेचा पर्याय आपल्याला आहे, कारण दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपूरलाच एकमेकांना छेदतात. तामिळनाडू एक्सप्रेस किंवा जीटी (ग्रँड ट्रंक) एक्सप्रेसने चेन्नई, गीतांजली किंवा हावडा मेलने हावडा. चौघांच्या कुटुंबाचं नागपूर-चेन्नई विमानभाडं वाचलं तर तेवढ्यात हॅवलॉकची एक रात्र निघते. फक्त गाडीतून उतरून त्याच दिवशीचं विमान पकडायचा मोह नको. चेन्नई सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो आहे. हावड्याहून दमदमला, म्हणजे कोलकात्याच्या विमानतळाला, जायला मात्र संध्याकाळच्या गर्दीत दीड तास सहज लागतो. समुद्रमार्गे जहाजही जातं, पण एका बाजूचे जवळपास तीन दिवस. छोट्या सुट्टीच्या हिशोबात ते बसत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर एक खिडकी वेगळी आहे. एलटीसीमध्ये (सुट्टीतल्या प्रवासाच्या सरकारी सवलतीत) अंदमानसाठी विमानाची खास सवलत वेळोवेळी वाढवली जाते. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही ती मिळते. पण तिकीट आयआरसीटीसी, बामर लॉरी किंवा अशोक ट्रॅव्हल्स या तिघांपैकी एकाकडूनच काढलेलं हवं. दुसऱ्या साइटवर पाचशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून तिथे काढलं की सगळा दावा अडकतो. प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढा आणि आदेशाची मुदत चालू आहे ना, हे ऑफिसात विचारूनच बटण दाबा.

<b>पाच रात्री, तीन बेटं, बस्स</b>

या द्वीपसमूहात साडेपाचशेच्या वर बेटं आहेत. माणसांची वस्ती असलेली चाळिशीच्या आत. त्यातल्या तीनच बेटांचा विचार करा : पोर्ट ब्लेअर असलेलं दक्षिण अंदमान, हॅवलॉक आणि नील.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, दुपारून सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळ राधानगरच्या किनाऱ्यावर. तिसरा दिवस हॅवलॉकलाच, सकाळी पाण्यात, दुपारी झोप. चौथ्या दिवशी नील. पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान, रात्री घरी. चारच रात्री मिळत असतील तर नील गाळा, हॅवलॉकची रात्र गाळू नका. प्रत्येक बेट बदलणं म्हणजे अर्धा दिवस गेला असं धरा : खोली सोडणं, जेट्टी, सुरक्षा तपासणी, बोट, पुन्हा रिक्षा, दोन वाजेपर्यंत खोली मिळायची वाट.

सहली विकणारे या पाच दिवसांत बाराटांग बेटही घालून देतात. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला लोक पहाटे साडेतीनला निघतात, कारण जिरकाटांगहून पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे गाड्या ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या ताफ्यातच सोडतात. रस्त्यात थांबणं, फोटो काढणं, काही देणं हे सगळं कायद्याने गुन्हा आहे. दहा-अकरा तासांतला बराचसा वेळ गाडीत आणि रांगेत जातो. आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर मुळीच नको. आणि कोणी ‘जारवा दिसतात’ असं सांगून ही सहल विकत असेल तर त्याच्याकडून बाकीचंही काही घेऊ नका.

सूर्याचं गणित मात्र नागपूरकरांनी नव्याने शिकायला हवं. पोर्ट ब्लेअर आपल्यापेक्षा साडेतेरा अंशांहून जास्त पूर्वेला आहे, आणि घड्याळ तेच. म्हणून सूर्य तिथे जवळजवळ ५५ मिनिटं पुढे चालतो. जानेवारी ते मार्च सूर्यास्त सव्वापाच ते साडेपाचला. नागपुरात दुपारी चारला चहा पिऊन, पाचला फिरायला निघायची सवय असते. राधानगरला त्या हिशोबाने गेलात तर पार्किंगमध्ये उतरेपर्यंत अंधार पडायला लागतो. हॅवलॉकच्या जेट्टीहून राधानगर बारा किलोमीटर आहे. साडेतीनला वाळूत पाय हवेत. उलट बाजूने बघितलं तर सकाळी साडेपाचला लख्ख उजेड असतो, तेव्हा दिवस पहाटे पाचला सुरू करा आणि रात्री नऊला झोपा. तिथले लोक तेच करतात.

<b>बोट</b>

पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील या त्रिकोणात सरकारी बोटी आणि खासगी कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेल्या वेगवान बोटी), दोन्ही चालतात. सरकारी तिकीट पुष्कळ स्वस्त, पण बुकिंग थोडेच दिवस आधी उघडतं आणि पटकन संपतं. स्थानिक लोकांची ती रोजची सोय आहे हेही लक्षात असू द्या. खासगी बोटींची तिकिटं महिना-दोन महिने आधी मिळतात. मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक अशी नावं दिसतील. हॅवलॉकपर्यंत दीड ते अडीच तास, हॅवलॉक ते नील तासाभराच्या आत-बाहेर. पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीहून आणि खासगी बहुतेक हॅडो जेट्टीहून सुटतात. रिक्षावाल्याला नुसतं ‘जेट्टी’ म्हणालात तर तो कुठेही नेईल.

तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंही. आधारची झेरॉक्स दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. सुटायच्या तासभर आधी पोचा. सामान एक्स-रेतून जातं, वजनाची मर्यादा असते, आणि मोठ्या बॅगा बोटीच्या एका टोकाला ढीग करून ठेवतात. म्हणून पाकीट, औषधं, चार्जर आणि मुलांचा खाऊ वेगळ्या पिशवीत.

मळमळ. बंद काचांच्या वातानुकूलित बोटीत डेकवर जाता येत नाही, आणि नाकासमोर कोणीतरी बटाटेवडा खात असतो. बोट लाटेवर वर-खाली होते ती सर्वांत जास्त पुढच्या टोकाला, सर्वांत कमी मधोमध-मागे. ‘पुढची सीट, छान दिसेल’ म्हणून निवडू नका. खालच्या मजल्यावरची, मधली घ्या. आव्होमिनसारखी गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. गोळीने झोप येते, लहान मुलांसाठी डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. नाश्ता हलका : इडली, केळं. तर्री पोहे घरी आल्यावर.

<b>भरती-ओहोटी हॉटेलवाला सांगत नाही</b>

हॅवलॉकचा पूर्व किनारा (गोविंदनगर, विजयनगर) आणि राधानगरचा पश्चिम किनारा यांत फार फरक आहे. बहुतेक हॉटेलं पूर्वेला. तिथे ओहोटीला पाणी दोन-तीनशे मीटर मागे सरतं आणि पुढ्यात उरतात ती खडकं, मेलेली प्रवाळं आणि गुडघाभर पाण्याची डबकी. हॉटेलचे फोटो भरतीचे असतात. खोली समुद्रासमोर आहे म्हणून दीडपट पैसे देताना हे माहीत असावं. राधानगरला वाळू उतरत जाते, ओहोटीतही पोहता येतं. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचंच नाव घेतलं होतं.

नीलवर उलटं. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच बघायचा. भरतीत खालपर्यंत पोचताच येत नाही. ओहोटीला खडकांच्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे अडकलेले दिसतात. खडक शेवाळलेले असतात, रबरी चपला घसरतात. मागे पट्टा असलेले सँडल हवेत. पूल ओहोटीतच बघायचा, म्हणून नीलची बोट ठरवायच्या आधी पोर्ट ब्लेअरची भरती-ओहोटीची वेळ काढा. भारतीय सर्वेक्षण विभाग त्याच्या सारण्या छापतो आणि फोनवरची ॲपंही दाखवतात. भिंतीवरच्या पंचांगाचा उपयोग इथेही होतो : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमाराला फरक कमी. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मात्र तिथीवरून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं तोंडी गणित तिथे लावू नका, प्रत्येक बंदराचा हिशोब वेगळा असतो.

अमावास्येचा आणखी एक फायदा : अंधाऱ्या रात्री हॅवलॉकच्या खारफुटीच्या पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात. ते सूक्ष्म जीव असतात. चांदण्यात त्यांचा उजेड दिसत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आसपास कोणी ही रात्रीची कयाक-सफर विकली तर नाही म्हणा.

पोहताना दोन गोष्टी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखर आहेत, आणि २०१० मध्ये राधानगरजवळच एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा त्यात जीव गेला. जीवरक्षक बसलेले असतात त्याच भागात, उजेडातच उतरा. खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ नको. दुसरं, ओढ लागली आणि किनारा दूर जायला लागला तर किनाऱ्याकडे सरळ हात मारू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. ओढीचा पट्टा अरुंद असतो. नागपुरातल्या अंबाझरीच्या तरणतलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्यालाही हे आधी माहीत नसतं.

स्कूबासाठी पोहता येणं गरजेचं नाही, प्रशिक्षक शेवटपर्यंत टाकी धरून असतो. गडबड होते ती कानाची. दीड-दोन मीटर खाली गेलं की दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची आणि हे दुखायच्या आधी करायचं. सर्दी असेल तर कान मोकळा होत नाही, जोर लावला तर पडद्याला इजा होते. तेव्हा सर्दीत डाइव्ह रद्द करा, पैसे गेले तरी. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया हे फॉर्मवर लपवू नका. वय दहाच्या पुढे. आणि डाइव्हनंतर निदान १८ तास, शक्यतो २४ तास विमानात बसायचं नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. वरच्या बेतात स्कूबा तिसऱ्या दिवशी आणि विमान सहाव्या दिवशी आहे ते त्यासाठीच.

<b>जेल, आणि आपलं मेयो</b>

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या; आता तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीचा पुढचा भाग दुसरीच्या पाठीकडे येईल अशी मांडणी, म्हणजे समोरच्या कोठडीतला चेहराही दिसू नये. वरच्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी आहे, १९११ ते १९२१ ते तिथे होते. नुसतं पाटी वाचत फिरलात तर तासात बाहेर पडाल. मांडणी समजून घेत बघितलंत तर दोन तास पुरत नाहीत. दुपारी जेवणाच्या वेळेला जेल बंद असतं, राष्ट्रीय सुट्ट्यांनाही. जिने उभे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरचं प्रदर्शन आणि अंगण बघावं. ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा. दारात आल्यावर हिंदीच्या खेळाचं मिळेलच असं नाही.

नेताजी बेटाला, म्हणजे जुन्या रॉसला, बुधवारी बोटी जात नाहीत. तुमचा पोर्ट ब्लेअरचा दिवस बुधवार येतोय का, हे विमान ठरवतानाच बघा. चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती वडाच्या मुळांनी गिळल्यात, मधून हरणं फिरतात. दोन तास फार झाले.

पलीकडच्या किनाऱ्यावर होपटाउन आहे. ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी तिथल्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकून ठार केलं. नागपुरात ज्या सरकारी दवाखान्याला पाटीवर इंदिरा गांधींचं नाव असूनही सगळं शहर ‘मेयो’ म्हणतं, तो मेयो हाच. मेयो त्या संध्याकाळी माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त बघून उतरत होता. जुन्या वीस रुपयांच्या लाल नोटेवरचं नारळीच्या झाडांचं आणि दीपगृहाचं चित्र त्याच डोंगरावरून दिसतं. (डोंगराचं नाव आता माउंट मणिपूर.)

<b>बॅग</b>

नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये धुतलेला शर्ट तासाभरात कडक वाळतो. अंदमानात टॉवेल रात्रभर पंख्याखाली टांगला तरी सकाळी दमट. जीन्स नेऊ नका, एकदा भिजली की परत येईपर्यंत ओलीच. पातळ, लवकर सुकणारे कपडे आणि पोहायचे दोन जोड. खोली घेताना एसी आहे की नाही तेवढंच विचारा. दमट हवेत कूलरचा उपयोग नसतो, पाणी हवेत उडतच नाही तर गारवा येणार कुठून.

संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात. दिसत नाहीत, चावल्याचं कळतही नाही. दुसऱ्या दिवशी पायभर लाल पुळ्या आणि आठवडाभर खाज. पायाला खोबरेल तेल जाडसर चोपडून बसा, माशी त्यात अडकते. चावल्यावर खाजवलं की पुळी चिघळते.

पैशांचं : नीलवर एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, हॅवलॉकचंही कधी रिकामं असतं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि पोर्ट ब्लेअरला नेट सुधारलं, पण किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे क्यूआर कोड असतो आणि रेंज नसते. शंभर-दोनशेच्या नोटांत सात-आठ हजार जवळ असू द्या. हॅवलॉकला स्कूटर भाड्याने मिळते, दिवसाला पाचशेच्या आसपास. लायसन्स मूळ किंवा डिजिलॉकरमध्ये, आणि ताब्यात घेण्यापूर्वी तिच्या ओरखड्यांचा व्हिडिओ. नील इतकं लहान आहे की सायकल पुरते. भाषेची अडचण कुठेही नाही, सगळे हिंदी बोलतात. रोजची औषधं नागपूरहूनच न्या. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच.

परतताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका, वाळूत पडलेला मेलेला तुकडाही नाही. प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. विमानतळावरच्या एक्स-रेत ती लगेच दिसतात आणि मग सगळी बॅग उघडून, ओल्या कपड्यांच्या गठ्ठ्यासकट, रांगेसमोर मांडावी लागते. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती हातातल्या पिशवीत असू द्या. जानेवारी असेल तर त्याच पिशवीत वर स्वेटर ठेवा. तीस अंशांतून निघालेलं माणूस रात्री दहाला सोनेगावला उतरतं तेव्हा बाहेर बारा अंश असतात आणि बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.